तो वोट होता, हा माणूस आहे

१६ ऑगस्ट २०१८. आदल्या दिवसापासूनच एम्समधून बऱ्या बातम्या येत नव्हत्या, त्यामुळे संध्याकाळी अटलजी गेल्याचं टीव्हीवर आलं तेव्हा ग्वाल्हेरातल्या आमच्या दौलतगंजात कुणाला धक्का वगैरे बसला नाही, पण आत्या रडायला लागली ती थांबेचना. अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती तेव्हा. चहा दिला तर नको म्हणाली, दिवेलागणीची वेळ झाली तरी उठली नाही, नुसती पदर तोंडाला लावून टीव्हीसमोर बसलेली. आणि मी, अक्कल गहाण टाकलेला भाचा, काय बोलावं तर म्हटलं, "आत्या, चौऱ्याऐंशीला तर तू पंजावर ठप्पा मारून आली होतीस ना?" तिनं डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे गाढवा, तो वोट होता. हा माणूस आहे."

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण नंतर जे जे बघत गेलो, कलश, पुतळे, पूल, नाणी, दर २५ डिसेंबरचे ते फुलपेजी फोटो, त्या प्रत्येक वेळी हे वाक्य आठवत राहिलं. मोठ्या नेत्याच्या जाण्याचं आपण काय करतो, हे मला ग्वाल्हेरच्या मराठी माणसाच्या खिडकीतून बघायचंय, कारण ह्या बाबतीत आमचा हिशोब जरा गुंतागुंतीचा आहे.

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. ग्वाल्हेरच्या मराठी घरात दोन देव्हारे असायचे, एक महालाचा आणि एक शाखेचा. महाल म्हणजे शिंदे, ज्यांच्या नोकरीत पणजोबा आले म्हणून आपण इथे; आणि शाखा म्हणजे संध्याकाळची, मैदानावरची. अटलजींना संघात आणणारे नारायणराव तरटे हे मराठी प्रचारक, त्यामुळे "अटल आमच्यात वाढला" हे सांगायचा हक्क आमच्या आजोबांच्या पिढीला वाटायचा आणि त्यात खोटंही काही नव्हतं. गोरखीची शाळा, व्हिक्टोरिया कॉलेज, शिंदे की छावणीतलं घर, सगळं आमच्या पायाखालचं. वडील कृष्णबिहारी शाळामास्तर. नया बाजारातले बहादुराचे लाडू त्यांना आवडायचे हे तर इथे शेंबडं पोरही सांगेल, कधीकधी मला वाटतं आता तेवढंच सांगू शकेल.

तर १९८४. अटलजी आधी १९७१ ला ग्वाल्हेरमधूनच खासदार झालेले, म्हणून पुन्हा इथूनच उभे राहिले. आणि अर्ज भरायच्या अगदी शेवटच्या क्षणी काँग्रेसनं गुना सोडायला लावून महालातल्या माधवराव शिंद्यांना इथे उतरवलं. झालं, मराठी घरं मधोमध चिरली. माधवरावांची आई, राजमाता, अटलजींच्या पक्षात, मुलगा समोर, म्हणजे देव्हाराच दुभंगला म्हणा ना. आमच्या घरी बाबा दिव्याला म्हणजे कमळाला (जुनी माणसं कमळालाही दिवाच म्हणायची, जनसंघाची सवय), आणि आत्या नि आजी पंजाला. आजीचं म्हणणं साधं होतं, महाराज दारात आलेत, त्यांना नाही कसं म्हणायचं. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. ३१ ऑक्टोबरला इंदिराजींची हत्या झालेली, डिसेंबरात निवडणूक, आणि घराघरात तो चितेचा फोटो. आत्या सांगायची की वोट देताना डोळ्यांसमोर इंदिराजीच होत्या. निकाल लागला तर अटलजी पावणेदोन लाखांच्या आसपास मतांनी पडले, आणि अख्ख्या देशात त्यांच्या पक्षाला दोन जागा.

म्हणजे बघा, ज्या माणसासाठी २०१८ मध्ये ग्वाल्हेर रडलं त्याला ग्वाल्हेरनंच बुडवलं होतं आणि ते बुडवलं होतं दुसऱ्या एका नेत्याच्या शोकात. शोकाची लाट काय करू शकते हे अटलजींइतकं स्वतःच्या अंगावर क्वचितच कुणी अनुभवलं असेल. लाट ओसरल्यावर काय राहिलं? दंगली राहिल्या, दिल्लीतल्या हजारो शिखांचे खून राहिले, ज्यांच्यासाठी कुणी कलश फिरवले नाहीत. रडणाऱ्या माणसाकडून काहीही करून घेता येतं, मत देखील आणि हात देखील. म्हणून मला सार्वजनिक शोकाची थोडी भीतीच वाटते, खरं सांगतो.

आता २०१८ कडे या. १७ ऑगस्टला अंत्ययात्रा निघाली, पंतप्रधान नि सगळे मंत्री गाडीमागे पायी चालत राष्ट्रीय स्मृती स्थळापर्यंत गेले, ते बघून मलाही भरून आलं, का नाही येणार. सात दिवसांचा दुखवटा झाला. हरिद्वारला अस्थिविसर्जन झालं. इथवर सगळं घरचं वाटत होतं. मग कळलं की अस्थी कलशांमध्ये भरून राज्याराज्यात जाणार, शंभर नद्यांमध्ये सोडणार, आणि ते कलश दिल्लीत पक्षाच्या कार्यक्रमात प्रदेशाध्यक्षांच्या हाती दिले गेले. प्रदेशाध्यक्षांच्या! घरातल्यांच्या नाही, सरकारच्याही नाही. आणि आमच्या मध्य प्रदेशात, शेजारच्या छत्तीसगडात, राजस्थानात तीन महिन्यांवर विधानसभेच्या निवडणुका. अटलजींच्या स्वतःच्या पुतणीनं, ज्या तोवर काँग्रेसमध्ये गेल्या होत्या, उघड म्हटलं की हे अस्थींचं राजकारण आहे. लगेच लोक म्हणाले की त्या विरोधी पक्षातल्या, म्हणणारच. असतील. पण विरोधी पक्षातल्या माणसानं खरं बोलूच नये असा काही नियम आहे का?

आणि गंमत (गंमत म्हणू नये पण सुचतोय तोच शब्द) अशी की मत काही मिळालं नाही. नोव्हेंबरात मतदान झालं आणि ग्वाल्हेर-चंबळच्या ३४ जागांपैकी २६ काँग्रेसला गेल्या, भाजपाला ७. अटलजींच्या जन्मगावच्या टापूत, ते गेल्यावर साडेतीन महिन्यांत. त्याला एप्रिलमधला दलित संघटनांचा भारत बंद, त्यात इथे झालेला गोळीबार, अशी बरीच कारणं होती आणि ती सगळ्यांना माहीत आहेत, मी एवढंच म्हणतोय की लोकांनी चौऱ्याऐंशीसारखा शोकावर शिक्का मारला नाही ह्या वेळी. माझ्या आत्याला जे कळत होतं ते अख्ख्या टापूला कळत होतं असं म्हणायला हरकत नाही.

इथे मला माझ्याच बाजूची दुसरी बाजू मांडली पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. अस्थी वाटून नेणं काही नवीन नाही. गांधीजींच्या अस्थी १९४८ मध्ये देशभरच्या नद्यांमध्ये गेल्या. नेहरूंनी तर मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं की मूठभर रक्षा प्रयागला गंगेत सोडा आणि बाकीची विमानातून शेतांवर उधळा. मग अटलजींच्याच वेळी नाक का मुरडायचं? माझं उत्तर असं की नेहरूंनी ते स्वतः मागितलं होतं, आणि गांधीजींच्या अस्थींसमोर उभा राहिलेला माणूस कुठल्या पक्षाच्या ऑफिसात उभा नव्हता. फरक कलशात नाही, कलश कुणाच्या हातात आहे ह्यात आहे. आणि हेही खरं की लांबून, पार दोन दिवस प्रवास करून दिल्लीला जाऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हात जोडायला काहीतरी समोर लागतं. आत्याला जर कलश दारावरून जाताना दिसला असता तर ती फुलं घेऊन नक्की धावली असती आणि मी तिला अडवलं नसतं. श्रद्धा तिची होती, तिच्यावर माझा आक्षेप नाहीच.

माझा आक्षेप पुढच्या गोष्टीवर आहे. नावं.

नया रायपूरचं अटल नगर झालं, लखनौचा हजरतगंज चौक अटल चौक झाला, रोहतांगचा ९.०२ किलोमीटरचा बोगदा अटल टनेल, मुंबईचा २१.८ किलोमीटरचा पूल अटल सेतू, अहमदाबादला साबरमतीवर अटल ब्रिज, गंगोत्रीकडची हिमशिखरंसुद्धा अटल एक, दोन, तीन, चार अशी नंबरवार, शंभर रुपयांचं नाणं, भोपाळला हिंदी विद्यापीठ, आमच्या ग्वाल्हेरला आयटी आणि मॅनेजमेंटची ती मोठी इन्स्टिट्यूट, आणि चंबळच्या काठानं जायचा जो एक्सप्रेस-वे आहे त्याला तर रस्ता बांधून व्हायच्या आधीच अटल प्रोग्रेस-वे नाव देऊन मोकळे. ह्यातला बोगदा ठीक आहे, त्याचा निर्णय त्यांच्याच सरकारचा होता, त्यांचं नाव तिथे शोभतं. पण एवढ्या ठिकाणी नाव लिहिलं की ते नाव राहत नाही, ब्रँड होतो. मागच्या एका मेळ्यात (ग्वाल्हेरचा मेळा, १९०५ पासूनचा, थंडीत सगळं गाव तिथेच) माझ्या पुतण्याला एका स्टॉलवर अटलजींचा फोटो दाखवून विचारलं की हे कोण रे. तो दहावीत. म्हणाला, "पेन्शनवाले ना?" अटल पेन्शन योजनेची जाहिरात बँकेत बघितली होती त्यानं.

मला हसू आलं आणि मग एकदम आठवलं की त्याच्या बापाला, म्हणजे माझ्या चुलतभावाला, जुनी पेन्शन नाहीये. तो राज्य सरकारच्या नोकरीत २००६ ला लागला. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून नव्या भरतीची जुनी पेन्शन बंद झाली आणि ती कुणाच्या सरकारनं केली? अटलजींच्या. मध्य प्रदेशानं वर्षभरानं तेच केलं. तेव्हा ते बरोबर होतं का चूक, तिजोरीला परवडत होतं का नाही, ह्यावर दोन्ही बाजूंनी भांडता येईल, आमच्या घरी दर दिवाळीला भांडतातच. पण ज्यांनी पेन्शन बंद केली त्यांच्याच नावानं पेन्शन योजना, आणि पोराला ते "पेन्शनवाले" म्हणून माहीत, ह्याहून मोठं विस्मरण कुठलं? नाव ठेवल्यानं आठवण राहते असं आपल्याला वाटतं. मला वाटतं बरेचदा नाव हे आठवणीवरचं झाकण असतं.

त्या आठवड्यात आमच्याकडच्या एका मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा होती. पांढऱ्या चादरी, हार घातलेला फोटो, उदबत्ती, माइक नेहमीप्रमाणे खरखरतोय. आठ-दहा जण बोलले, सगळ्यांचं साधारण एकच, अजातशत्रू, कविहृदय, ओजस्वी वाणी. मग बँकेतून रिटायर झालेले एक काका उठले. ते म्हणाले की मी त्यांना फार मानतो, ग्वाल्हेरच्या रस्त्यांवर त्यांना सायकलवर बघितलेले लोक मला माहीत आहेत, पण गुजरातमध्ये २००२ ला जे झालं त्या वेळी त्यांनी जे करायला हवं होतं ते... आणि एवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला, "आज नको हो." काका थांबले. "बरं, आज नको," म्हणाले आणि बसले. टाळ्या नाहीत काही नाही.

हे "आज नको" माझ्या डोक्यातून जात नाही. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये हे संस्कार मलाही आहेत, तेराव्यापर्यंत तर नाहीच नाही. पण घरातला माणूस आणि देशाचा पंतप्रधान ह्यात फरक आहे ना. घरातल्याचे दोष घराबरोबर संपतात, पंतप्रधानाचे निर्णय त्याच्यामागे राहतात, लोक ते जगत असतात. आणि "आज नको"चा उद्या कधी येतो? आज शोक, उद्या कलश, परवा निवडणूक, मग पुण्यतिथी, मग जयंती. जयंतीला बोललं तर "चांगल्या दिवशी कशाला". मग बोलायचं कधी आणि कुणी, विरोधी पक्षानं प्रचारात? तिथे तर ते शिवी म्हणूनच बोललं जाणार.

काकांना काय म्हणायचं होतं ते मला नीट माहीत आहे, नंतर आम्ही बाड्यावर, म्हणजे गावातल्या मुख्य चौकात, चहा घेताना त्यांनी ते पूर्ण केलं. ४ एप्रिल २००२ ला अटलजी अहमदाबादला गेले आणि शेजारी मुख्यमंत्री बसलेले असताना त्यांनी राजधर्माची आठवण दिली, ते आपण सगळे सांगतो. पण त्यानंतर आठच दिवसांत गोव्याला पक्षाची बैठक झाली, तिथे मुख्यमंत्र्यांनी देऊ केलेला राजीनामा पक्षानं घेतला नाही, आणि तिथल्या भाषणात अटलजी मुसलमानांबद्दल जे बोलले त्यावरून संसदेत गदारोळ झाला, ते आपण सांगत नाही. काकांचं म्हणणं एवढंच होतं की हे दोन्ही अटलजी होते. तसंच लाहोरची बस पण तेच आणि कारगिल पण तेच, पोखरण पण तेच, आणि डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहारला तीन अतिरेकी सोडून विमानातली माणसं परत आणणारेही तेच. ते सोडणं बरोबर होतं की नाही हे आजही मला ठरवता येत नाही. माझा भाऊ त्या विमानात असता तर मी काय म्हटलं असतं? म्हणजे अशा माणसाबद्दल नुसतं "अजातशत्रू" म्हणून खाली बसायचं म्हणजे त्याला पडलेले पेचच त्याच्याकडून काढून घ्यायचे. पेच काढून घेतला की उरतं ते कॅलेंडरवरचं चित्र.

आणि हे मला कुणा टीकाकाराकडून शिकावं लागलं नाही, अटलजींकडूनच शिकलो. २९ मे १९६४, नेहरू जाऊन दोन दिवस झालेले. अटलजी राज्यसभेत, चाळिशीसुद्धा गाठलेली नाही, जनसंघाचे. दीड वर्षापूर्वी चीनच्या युद्धावरून ह्याच माणसानं नेहरूंना धारेवर धरलेलं. त्यांनी त्या दिवशी जे भाषण केलं ते मिळालं तर शोधून वाचा. भारतमातेचा लाडका राजपुत्र निजला, एक स्वप्न अपुरं राहिलं, असं ते बोलले, रामाची उपमा दिली. शब्द भरजरी आहेत, पण मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांनी आमचे मतभेद होते हे त्याच भाषणात सांगितलं. लपवलं नाही, उगाळलंही नाही. मतभेद असून आदर आहे असं उभं राहून म्हणाले, आणि समोरच्या बाकांवरून "आज नको" असा आवाज काही आला नाही. मतभेदाचा उल्लेख झाल्यामुळेच तो आदर खरा वाटतो, नाहीतर विरोधकानं मेल्यावर स्तुती करणं काय, रीतच आहे.

पुढे १९७७ ला ते परराष्ट्रमंत्री झाले तेव्हाची गोष्ट त्यांनीच संसदेत सांगितलेली आहे. साउथ ब्लॉकच्या कॉरिडॉरमध्ये नेहरूंचा एक फोटो असायचा, सरकार बदलल्यावर तो दिसेना. त्यांनी विचारलं तो फोटो कुठे गेला, कुणी काही उत्तर दिलं नाही, पण फोटो परत लागला. बस एवढंच. नवा पुतळा नाही, चौकाचं नामकरण नाही, जे होतं ते काढू नका इतकंच. सन्मान म्हणजे नवीन काहीतरी उभारणं असं आपण धरून चालतो, पण कधी कधी जे आहे ते न हलवणं हाच सन्मान असतो.

(मध्येच एक सांगतो. ते इंदिराजींना दुर्गा म्हणाले होते असं आपण हजार वेळा फॉरवर्ड करतो. त्यांनी स्वतः नंतर मुलाखतीत सांगितलं होतं की मी असं म्हटलंच नव्हतं. जो माणूस स्वतःची स्तुती होईल असं खोटं वाक्य नाकारतो त्याच्या तोंडी आपण ते घालतोच आहोत, कारण ते आपल्याला सोयीचं आहे. ही पण एक श्रद्धांजलीच म्हणायची.)

आता कुणी म्हणेल तुला भाजपाचंच दिसतं. नाही हो. काँग्रेसनं आपल्याच नरसिंह रावांचं काय केलं? डिसेंबर २००४ मध्ये ते गेले तर पार्टीच्या मुख्यालयाचं फाटक त्यांच्या पार्थिवासाठी उघडलं नाही, आणि अंत्यसंस्कार दिल्लीत न होता हैदराबादला झाले. पाच वर्षं देश चालवलेला माणूस. २०१८ च्या त्याच ऑगस्टमध्ये, अटलजींच्या तीन दिवस आधी सोमनाथ चॅटर्जी गेले, ज्यांना त्यांच्या पक्षानं दहा वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं, आणि पक्षाचा झेंडा पार्थिवावर घालायला घरच्यांनी नाही म्हटलं. देहदान केलं त्यांनी. त्याच्या आधीच्या आठवड्यात करुणानिधी गेले तर चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जागा मिळावी म्हणून रात्री कोर्ट उघडावं लागलं. एका महिन्यात तीन नेते गेले आणि तिघांच्या वेळी तोच प्रश्न होता, मेलेला माणूस कुणाचा? घरचा, पार्टीचा, सरकारचा का लोकांचा?

२०२४ ला तर योगायोग असा की २५ डिसेंबरला अटलजींची शंभरावी जयंती झाली, खजुराहोला केन-बेतवाचं भूमिपूजन वगैरे, आणि दुसऱ्याच दिवशी रात्री मनमोहन सिंग गेले. दोन पंतप्रधान, दोघंही आवाज न चढवता काम करणारे म्हणून लोकांना आवडलेले, आणि मनमोहन सिंगांनी तर संसदेत अटलजींना राजकारणाचे भीष्म पितामह म्हटलेलं. आणि आपण काय केलं, तर अंत्यसंस्कार कुठे करायचे आणि स्मारकाला जागा कधी द्यायची ह्यावरून दोन्ही पक्ष तीन दिवस भांडले, शेवटी निगमबोध घाटावर झालं. मी दोघांनाही मानणारा माणूस, मला त्या आठवड्यात खरोखर लाज वाटली. अटलजींसाठी स्मृती स्थळ आणि दुसऱ्यासाठी नंतर बघू, किंवा आमच्या रावांना आम्ही विसरलो पण आता जागा पाहिजे, ह्यातलं कुठलंही वाक्य १९६४ च्या त्या भाषणाशेजारी ठेवून बघा.

ग्वाल्हेर तर ह्या बाबतीत जुनं खेळाडू आहे. मेलेल्यांना मान द्यायचा आमचा रिवाज भारीच. शिवपुरीला शिंद्यांच्या छत्र्या आहेत, तिथे माधव महाराजांच्या मूर्तीला कपडे चढवतात, नैवेद्य दाखवतात, संध्याकाळी गाणं होतं, जसे काही महाराज आत्ता बैठकीत बसलेत. १९२५ ला गेलेला माणूस. लहानपणी बाबांनी दाखवलं तेव्हा मी घाबरलो होतो, आता मला ते आवडतं, कारण त्यात मत मागायचा प्रश्नच नाही, एका घराण्यानं आपल्या माणसाची केलेली सेवा आहे ती. आणि इकडे फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी, दर जूनला बलिदान मेळा. ज्या शिंद्यांच्या छत्रीला हात जोडायचे ते १८५७ ला इंग्रजांच्या बाजूला, आणि ज्या राणीच्या समाधीला हात जोडायचे ती त्यांच्याच गावात पडली. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला दोन्हीकडे हात जोडायची सवय आहे, आणि कुणी जास्त खोदून विचारलं की विषय बदलायची पण.

आणि ह्याच आमच्या दौलतगंजात नोव्हेंबर २०१७ मध्ये हिंदू महासभेच्या ऑफिसात गोडसेचा अर्धपुतळा बसवला होता. प्रशासनानं नंतर उचलून नेला. गांधीजींवर चाललेलं पिस्तूल ह्याच शहरातून गेलं होतं हे शाळेत कुणी शिकवत नाही, पण घराघरात माहीत असतं, कुजबुजत का होईना. मी हे एवढ्यासाठी सांगतोय की पुतळा कुणाचाही बसतो. हार, उदबत्ती, टाळ्या, घोषणा, सगळं सामान तेच लागतं. महापुरुषाचा सन्मान आणि मारेकऱ्याचा उदोउदो ह्यांची भांडीकुंडी एकच असतील तर भांड्यांवरून आपल्याला काही कळणार नाही. आपण त्या माणसाबद्दल उघड्यावर काय काय बोलू शकतो, त्यावरूनच कळेल. गोडसेच्या पुतळ्यासमोर तुम्ही "पण" म्हणू शकत नाही. अटलजींच्या फोटोसमोर म्हणता आलं पाहिजे. नाहीतर फरक राहिला कुठे?

मग काय करायचं म्हणता? मला फार मोठं काही सुचलेलं नाही. शिंदे की छावणीतल्या कमलसिंह के बाग मधलं त्यांचं घर आता वाचनालय आहे. तिथे कधी जाऊन आलात का, हा प्रश्न मी आमच्या ग्रुपमधल्या पंचवीस जणांना विचारला, ज्यांनी १६ ऑगस्टला डीपी काळा केला होता त्यांना. तिघं जाऊन आलेले. त्या वाचनालयात त्यांची संसदेतली भाषणं ठेवा, नेहरूंवरचं पहिलं, १९९९ ला एका मतानं सरकार पडलं तेव्हाचं वादविवादाचं रेकॉर्ड, आणि त्यांना उत्तर देणाऱ्यांचीही भाषणं, कारण समोरचा काय म्हणाला ते कळल्याशिवाय त्यांचं उत्तर अर्धंच. १९८४ चा निकाल पण भिंतीवर लावा, आकड्यासकट, "ह्या गावानं ह्यांना पाडलं होतं" असं लिहून. पोरं ते वाचून विचारतील की का पाडलं, आणि मग कुणालातरी बसून सांगावं लागेल. महिन्यातून एकदा वादविवाद ठेवा, विषय पेन्शन घ्या, कंदाहार घ्या, राजधर्म घ्या. भांडण होईल? होऊ दे. ज्या माणसानं उभं आयुष्य सभागृहात बोलण्यात घालवलं, त्यातला बराच काळ विरोधी बाकावर, त्याच्या घरात पिन पडल्यासारखी शांतता ठेवून काय मिळवायचं? खर्च म्हणाल तर एका चौकाच्या नामकरण सोहळ्याच्या मंडपाइतकाही येणार नाही. कदाचित म्हणूनच होणार नाही.

आत्याचं राहिलं. त्या १७ ऑगस्टला टीव्हीवर तिनं अंत्ययात्रा पूर्ण बघितली आणि अग्नी द्यायच्या वेळेला एकदम सरसावून बसली. मानसकन्येनं अग्नी दिला ना अटलजींना. आत्या म्हणाली, "मुलगी देतीये बघ." तोवर इकडे आमच्याकडे बायका स्मशानात जातसुद्धा नव्हत्या. त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही, मी पण विसरलो. २०२२ च्या थंडीत ती गेली तेव्हा ताईनं, तिच्या एकुलत्या एक मुलीनं, पिशवीतून एक वही काढली. त्यात दूधवाल्याच्या हिशोबाच्या मागच्या पानावर आत्यानं लिहून ठेवलं होतं की माझं सगळं मुलीनं करायचं, पुतण्यांनी मध्ये पडू नये. गुरुजी जरा कुरकुरले, शास्त्र वगैरे. तर खाली आत्याच्याच अक्षरात आणखी एक ओळ होती, "गुरुजी नाही म्हणाले तर अटलजींचं सांगावं." सांगितलं. गुरुजींनी दोन मिनिटं विचार केला आणि लक्ष्मीगंजच्या मुक्तिधामात ताईला पुढे बोलावलं. तिसऱ्या दिवशी आम्ही अस्थी घेऊन गंगेकाठच्या सोरोंला गेलो, ताई, मी आणि ड्रायव्हर. एकच कलश होता, ताईच्या मांडीवर.